धड उरलेला एकच चेहरा

परवा वसंताच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, फोनवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आत्या, हा ग्रुपवर फिरतोय. आपल्या साइडची जुनी फुटबॉल टीम आहे म्हणे, पण कुठली ते कोणालाच माहीत नाही. तू बघ ना." मी चष्मा शोधून आणला, फोटो मोठा केला आणि गॅसवर दूध ठेवलंय हे साफ विसरले. दूध उतू गेलं. फोटोखाली लोकांनी आपापली अक्कल पाजळली होती. कुणी म्हणत होतं पापडीचा संघ, कुणी म्हणत होतं रेल्वेचा, आणि एका शहाण्याने ठासून लिहिलं होतं, "हा नायगावकडचा संघ आहे. शंभर टक्के." सत्तरी ओलांडलेल्या बाईचे हातपाय गार पडावेत असं त्या वाक्यात काही नाही. पण माझे पडले. हेच वाक्य मी सतरा वर्षांची असताना गावच्या क्लबाच्या ओट्यावर ऐकलं होतं आणि त्यापायी आमचं घर मोडायची वेळ आली होती. "ओळखते. लिहून पाठवते," एवढंच मी भाचीला कळवलं. ती बिचारी एका ओळीची वाट बघत असेल.

आमचं घर नंदाखालहून आगाशीकडे येताना लागतं. लागायचं, असं म्हणायला हवं. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि खालच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. तेव्हा दारापुढे बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. त्याचंच पाणी पंपाने ओढून केळीला आणि पानवेलींना द्यायचं. पहाटे पंप डुगडुगायला लागला की आम्ही उठायचो आणि संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आई देवापुढे दिवा लावायची. वेगळं घड्याळ आमच्या घरात नव्हतं. गावाच्या दोन आळ्या, वरची आणि खालची. वस्ती बहुतेक ख्रिस्ती, आणि खालच्या आळीच्या टोकाला आम्हा हिंदू वाडवळांची मोजकी घरं. दोन्ही आळ्यांची एकमेकींशी सोयरीकही होती आणि हाडवैरही, आणि ते वैर फुटबॉलच्या मैदानावर फेडलं जायचं.

हिवाळ्यात आमच्याकडे सुकेळी करायचं काम चालायचं. राजेळी केळी चांगली पिकली की सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी दंव पडायच्या आत आत घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. दिवसागणिक ती आक्रसत जायची, रंग मधासारखा व्हायचा आणि सगळ्या घराला गोड आंबूस वास सुटायचा. कावळे हाकलायचं आणि मुंग्यांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे. आई सोलायला बसली की तिचे हात दिसायचे नाहीत, नुसती सालं पडताना दिसायची. ती जूचंद्रची, भातशेतीच्या आणि मिठागरांच्या गावची. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी तिकडचा हेल तिच्या जिभेवरून उतरला नव्हता आणि आमच्या गावाने तिला 'जूचंद्रवाली' म्हणणं सोडलं नव्हतं. त्या म्हणण्यात माया किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे.

बाबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने देवाला नको वाटावं असं नाव ठेवलं आणि आणखी एक नवस बोलली, तो पुढे येईलच. बाबा कमी बोलायचे आणि खोटं तर कधीच बोलायचे नाहीत. 'धोंडूने सांगितलं' म्हटलं की बाजारात पानांची टोपली न उघडता घ्यायचे. लग्नानंतर त्यांना देवी आल्या होत्या. त्यातून ते वाचले, पण चेहरा व्रणांनी भरला, एक डोळा किंचित ओढला गेला. मी त्यांना तसंच पाहिलेलं, त्यामुळे मला ते देखणेच वाटायचे. माझा थोरला भाऊ वसंत मात्र गोरटेला, सरळ नाकाचा, ठसठशीत हनुवटीचा. आळीतल्या बाया त्याची हनुवटी धरून म्हणायच्या, "हा कोनावर गेलाय कोन जाने!" आई हसून सोडून द्यायची. त्या वेळी ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

वसंत खालच्या आळीकडून खेळायचा, आघाडीला. बाबा मात्र त्याला खेळताना बघायला कधीही गेले नाहीत. वाडीतून बाजाराला जायची जवळची वाट मैदानावरून होती, तरी ते बावखलाला वळसा घालून जायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना खेळाचा तिटकारा आहे.

आता त्या चषकाबद्दल. फार पूर्वी, आमच्या जन्माआधी, वसईच्या बाजूला दूर कुठेशी निरनिराळ्या चर्चच्या गावांचे सामने झाले होते आणि आमच्या खालच्या आळीच्या पोरांनी तिथे जाऊन चषक आणला होता. जायला धड गाडी नव्हती, बघायला गावातलं कुणी गेलं नव्हतं. पण गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आळीतल्या पास्कू नावाच्या पोराने फुटलेल्या डोक्याला पट्टी बांधून, अंगात ताप असताना शेवटचा गोल घातला, आणि तो त्याच आठवड्यात वारला. दरवर्षी सामन्यांच्या आधी मैदानाजवळच्या क्रुसाला पास्कूच्या नावाने हार घालायचे. वरच्या आळीवाले चिडवायचे, "जिंकला असाल तर फोटो दाखवा की!" फोटो नव्हता. त्या संघातले निम्मे बोटीवर गेले, कुणी आफ्रिकेत, कुणी मातीत. गावात उरले होते एकटे बस्त्याव मास्तर, त्या संघाचे कप्तान. ते शाळेत शिकवायचे आणि क्लबाचा सगळा कारभार त्यांच्याच हाती होता.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी नाताळ उलटल्यावर मास्तरांना फोटो सापडला. आगाशीच्या बाजारातला जुना स्टुडिओ बंद होत होता, तिथल्या अडगळीतून त्यांनी तो उचलून आणला. मागे नाव नाही, गाव नाही. स्टुडिओवाला म्हणाला, माझ्या बापाच्या वेळचा असेल, मला काय ठाऊक. पांढरे सदरे, अनवाणी पाय, मध्ये चषक. ओल लागून फोटोला सगळीकडे डाग पडले होते आणि अकरा जणांपैकी दहांची तोंडं त्या डागांत बुडाली होती. धड उरला होता एकच चेहरा, डोक्याला कानांवरून पांढरी पट्टी बांधलेला, गळ्यात क्रूस घातलेला. मास्तरांनी तो फोटो काच लावून घेतला आणि ठरवलं की क्लबाच्या नव्या खोलीत तो समारंभाने लावायचा, आणि पहिला हार पास्कूच्या बहिणीने घालायचा.

ही बहीण म्हणजे कात्रीनमावशी. लग्न केलेलं नाही, चार कोंबड्या आणि चर्चची वेदी सजवायचं काम एवढाच तिचा संसार. भावाचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. समारंभाच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर ती ठेवणीतलं लाल लुगडं नेसून आली, हातात शेवंतीचा हार. क्लबाच्या ओट्यावर दोन्ही आळ्या जमल्या होत्या. मी मैत्रिणींबरोबर पायरीवर उभी होते. कात्रीनमावशीने फोटोवरचं कापड काढलं आणि बघत राहिली. किती वेळ बघितलं कोण जाणे, तिच्या मागचे लोक चुळबुळ करायला लागले. मग तिने हार हाताला गुंडाळला आणि म्हणाली, "हा माजा भाव नाय."

मास्तर पटकन पुढे झाले. "कात्रीन, तू लहान होतीस तेव्हा. नीट बघ. पट्टी बघ."

"पट्टी काय बघू? तोंड बघते मी. हा पास्कू नाय." तिचा आवाज चिरला होता. भाऊ बघायला मिळणार म्हणून ती आठवडाभर झोपली नसेल, आणि काचेतून भलताच कुणी तिच्याकडे बघत होता.

ओटा दणाणला. वरच्या आळीवाल्यांना आयतंच सापडलं. पास्कू नाही तर हा तुमचा संघ नाही, उतरवा फोटो! खालच्या आळीतले म्हातारे पुढे सरसावले. एकजण म्हणाला, हा तिसरा उभा आहे तो माझा पुतण्या. कशावरून? गुडघ्यावरून! त्यावर वरच्या आळीचा दुसरा म्हणाला, तो गुडघा तर आमच्या मामाचा. असा गुडघ्यांचा लिलाव चालला असताना कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर वसंता!"

वसंत तिथेच खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काचेकडे. तेच नाक, तीच हनुवटी. पट्टी बांधून त्यालाच बसवला असता तर हाच फोटो निघाला असता. वसंताला आधी हसू फुटलं, मग तो धावतच वाडीत गेला. बाबांना घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "बाबा, तुमीच ना हे? सांगा ना!"

बाबांच्या हाताला केळीचा चीक होता. त्यांनी फोटोकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर पायातल्या चपलेकडे बघत होते. मी पायरीवरून हे सगळं पाहत होते. बाबा म्हणाले, "मी कदी चेंडूला पाय लावला नाय," आणि आले तसे निघून गेले.

धोंडू खोटं बोलत नाही हे तर सगळ्या गावाला ठाऊक. मग हा कोण? वरच्या आळीतला एकजण फोटोपाशी वाकला आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "नायगावकडचा संघ हाय हा. हा पोरगा तिकडचा असनार." थोडं थांबून म्हणाला, "धोंडूची सासुरवाडी तिकडंच ना, जूचंद्रला?" कुणीतरी फिस्सकन हसलं. वसंताच्या ते लक्षात यायला वेळ लागला. माझ्या लगेच आलं. मी पायरीवरून उतरले आणि घरापर्यंत पळत गेले.

गावाचं तोंड कोण धरणार? दुसऱ्या दिवशी बावखलावर आई कपडे धुवायला गेली तर बाया बोलता बोलता गप्प झाल्या. एकीने आपलं पोर उगाचच कडेवर घेतलं. तिसऱ्या दिवशी सुकेळी न्यायला नेहमीची गिऱ्हाईक बाई आली, ती ओटीवर न बसता अंगणातूनच बोलली, आणि बोलताना वसंताच्या हनुवटीकडे टक लावून बघत राहिली. चार शब्द उघड कुणी म्हणालं असतं तर आईने त्याला उभा जाळला असता, पण उघड कुणी म्हणतच नव्हतं. वसंत सरावाहून ओठ फोडून आला. कुणाशी मारामारी झाली हे त्याने सांगितलं नाही आणि का झाली हे आम्ही विचारलं नाही. जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण दिवसातून दोनदा तो देव्हाऱ्याशेजारच्या आरशापुढे उभा राहायचा आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचा. आणि बाबांना यातलं काहीच कळलेलं नव्हतं! खरंच नव्हतं. असल्या गोष्टी सगळ्या गावाला कळून झाल्या की मग नवऱ्याला कळतात. ते आपले पहाटे पंप लावत होते, पानं खुडत होते, आणि फोटोचा विषय निघाला की उठून जात होते.

गुरुवारी आई मला म्हणाली, "मालू, चप्पल घाल. मना तो फोटो दाव." क्लबाची खोली उघडी होती, आत कुणी नव्हतं. फोटो भिंतीला टेकवून उभा केलेला. आई जमिनीवर उकिडवी बसली आणि पदराने काच पुसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. ती यातलं काहीच न करता लाजली. खरं सांगते, माझी आई त्या काचेपुढे नव्या नवरीसारखी लाजली. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला आणि ओठ घट्ट मिटले. देवी येऊन गेल्यावर गाव बाबांचा आधीचा चेहरा विसरून गेलं होतं, त्यांच्या आईबापांना जाऊन वर्षं झाली होती. पण आईने ज्याच्या गळ्यात माळ घातली होती तो हा चेहरा होता. तिला ओळखायला काही लागलंच नाही. म्हणजे नवरा खोटं बोलतोय, आणि त्याच्या खोट्यापायी आपण जळतोय, हे तिला तिथे बसल्या बसल्या समजलं.

घंटा होऊन दिवा लागला होता. मांडवावरची केळी आत आणून आई ओटीवर पुन्हा सोलायला बसली, मी समोर. बाबा हातपाय धुऊन आले. आई मान वर न करता म्हणाली, "मी फोटो बगून आले."

बाबांनी हात पुसून पंचा खुंटीला लावला.

"गाव काय म्हनतंय ठावं हाय तुमाला? म्हनतंय, हा पोरगा माज्या माहेरकडचा हाय. आनि वसंता त्याचा हाय."

बाबा मटकन खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचे व्रण एकाएकी काळे दिसायला लागले. "कोन म्हनतो? नाव सांग."

"नाव कोनाकोनाचं सांगू? बावखलावर जा, पानी बी तेच बोलतंय." आईने सुरी खाली ठेवली. "मी इचारनार नाय तुमी का खोटं बोलता. कोनाला तरी वाचवत असाल. पन ज्याला वाचवताय तो मेलाय ना? मी जिती हाय."

माझं पुढचं केळं हातातच राहिलं. इतक्या वर्षांत मी अनेकांची भांडणं ऐकली, माझीही झाली, पण त्या चार शब्दांइतकं खरं काही कुणाला बोलताना ऐकलं नाही.

मग बाबांनी सांगितलं. सामन्याच्या दोन दिवस आधी पास्कूला ताप भरला. त्याची आई कात्रीनला घेऊन बहिणीच्या गावी गेली होती, तो मास्तरांच्या घरी पडून होता. उरले दहा. सामन्यांची अट अशी की ज्याचा बाप्तिस्मा झालाय त्यानेच खेळायचं. मास्तर काळेठिक्कर पडले होते. आणि बाबा पास्कूचे जिवलग. वाडीतल्या वाटेवर दोघं मोसंबीने सराव करायचे, बाबांचा डावा पाय गावात कुणाला नव्हता तसा. मास्तर म्हणाले, धोंडू, उद्या तू पास्कू. गळ्यात क्रूस घातला, कपाळाला-छातीला हात कसा लावायचा ते शिकवलं. सगळं जमलं, आणि मग मास्तरांचं लक्ष बाबांच्या उजव्या कानाकडे गेलं. कानात सोन्याची बाळी. ख्रिस्ती पोराच्या कानात बाळी कुठून येणार? पण ती काढता येत नव्हती. तीन पोरं गेल्यावर जगलेला हा चौथा. याला मुलगा होईपर्यंत बाळी उतरवणार नाही, असा आजीचा नवस. उतरवली तर पोर जाईल, ही बाबांचीही तेव्हा पक्की खात्री. मग मास्तरांनी पंचा फाडला आणि डोक्याभोवती पट्टी बांधली. विचारलं तर सांगायचं, माडावरून पडला.

"डोकं फुटलंच नव्हतं?" मी विचारलं.

"कदी नाय. घरी सांगितलं, पानांच्या टोपल्या टेसनावर पोचवायला जातो." बाबा किंचित हसले आणि लगेच हसू विरलं. "चषक घेऊन आलो तर पास्कूचा ताप डोक्यात गेलेला. त्याची आय उशाशी. त्यानं माजा हात धरला आनि तिला म्हनाला, आये, मी गोल घातला. मी काय बोलनार? चार दिवसांनी गेला तो. फादरनी चर्चमदे त्याचं नाव घेतलं, तर त्याची आय रडता रडता ताठ बसली. मरंस्तवर ती त्याच्यावर जगली. मी आनि बस्त्याव क्रुसापुडं उभं राहून बोललो, हे कोनाला सांगायचं नाय. बाकीच्यांनीबी तोंड मिटलं. म्हनून मी त्या मैदानावर जात नाय. गेलो तर पाय सळसळतात."

आई हात पुसत उठली. तिने बाबांना पाणी दिलं आणि म्हणाली, "आदी कात्रीनला सांगा. गावाला मागून."

शुक्रवारी आम्ही तिघं कात्रीनमावशीकडे गेलो. बाबांनी दारातच सगळं सांगून टाकलं, बसलेसुद्धा नाहीत. मला वाटलं ती हाकलून देईल. तिच्या भावाच्या नावाने वर्षानुवर्षं हार पडत होते आणि हा माणूस ते सगळं पुसायला आला होता. ती कोंबड्यांना दाणे टाकत होती, ती टाकतच राहिली. "म्हंजे मरतानाबी आयेला फशिवलं त्यानं," ती म्हणाली आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. "लहानपनापासून असाच. माजी बोरं खायाचा आनि म्हनायचा चिमनी खाऊन गेली." डोळे पुसून तिने आईकडे बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत. बायकांना एकमेकींना सगळं सांगावं लागत नाही. "पन धोंडूदादा," ती म्हणाली, "आता तुजं कोन ऐकनार? नाय बोललास तेवा खरा होतास. आता हो बोलशील तर म्हनतील, बायकोला झाकतोय."

बाबांचा चेहरा पडला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यात एकाच गोष्टीपायी खोटं बोललेल्या माणसाला खोट्याचे हिशेब कुठून ठाऊक असणार! आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटली होती. कात्रीनमावशी विचार करत होती. "पट्टीखाली काय होतं ते आनिक कोनाला सांगितलंस?" बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "मंग रवारपरेंत सांगू नको."

रविवारी ओटा गच्च भरला. फोटो ठेवायचा की काढायचा याचा निकाल लागायचा होता, आणि दुसरा एक निकाल आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "हा मी हाय." बस्स, तेवढंच. वरच्या आळीकडून तो नेमका शब्द आला, ज्याची आम्हाला धास्ती होती. "आज आठवलं व्हय, धोंडू? की घरून शिकवून पाठवला?" हशा झाला. आई खांबाशी उभी होती, पदरात तोंड न लपवता, ताठ. वसंत तिच्या बाजूला, मुठी वळलेल्या. बाबा मास्तरांकडे बघत होते. मास्तर बोलत नव्हते. बोलले असते तर चषक जाणार होता, पास्कूची गोष्ट जाणार होती, आणि इतकी वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारे मास्तर स्वतः काय होते ते दिसणार होतं.

तेव्हा कात्रीनमावशी उठली. "मास्तर, पट्टी कोनी बांदली होती?"

"मी," मास्तर म्हणाले.

"मंग तुमीच सांगा. पट्टीखाली काय होतं? धोंडू बोलू नको. कोनी बोलू नका."

लोकांना वाटलं, बाईचं काय बिनसलं. पट्टीखाली जखम असते, आणखी काय असणार? पण ती वाट बघत उभी राहिली, आणि हळूहळू ओट्यावरचा सगळा आवाज बंद झाला. दूरवर कुणाच्या तरी वाडीतला पंप चालू होता, तेवढा ऐकू येत होता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला त्या वेळी इतकं भय वाटलं की मी डोळे मिटून घेतले. 'जखम' म्हणाले असते तर आम्ही संपलो होतो, आणि जखम म्हणणं किती सोपं होतं!

"बाळी," मास्तर म्हणाले. "उजव्या कानात. सोन्याची."

आधी कुणाला कळलं नाही. मग सगळ्यांच्या माना बाबांच्या कानाकडे वळल्या. वसंताच्या बारशाला ती बाळी उतरवून जीवदानी देवीला वाहिली होती, पण कानाचं भोक काही बुजलं नव्हतं. बाबांनी नुसता कान पुढे केला, डॉक्टरला दाखवावा तसा. एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, "अरे, धोंडूची बाळी! मीच इसरलो." वसंत कुणाकडेही न बघता बाबांपाशी गेला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला.

चषक गेला. मास्तरांनीच तो फडक्यात गुंडाळून फादरकडे नेऊन दिला आणि तो परत आला नाही. खालच्या आळीतल्या काही घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, त्या वर्षीच्या सामन्यांना वसंताला घेतलं नाही, आणि मैदानावर कुणी चेंडू बाहेर घालवला की 'धोंडूने घालवला' म्हणायची पद्धत पडली ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. फोटो मात्र राहिला. खाली काय लिहायचं यावर पुन्हा वाद होणार होता, पण कात्रीनमावशीने तो होऊ दिला नाही. "नाव पास्कूचं, पाय धोंडूचे," ती म्हणाली, "दोनी लिवा." तसंच लिहिलं गेलं. ती नावांची चिठ्ठी आता कुठे गळून पडली असेल, म्हणून तर आज ग्रुपवर सगळे चाचपडतायत.

त्यानंतर बाबा बाजाराला मैदानावरून जायला लागले. एकदा आई आणि मीही बरोबर होतो. क्लबाची खोली उघडी होती, आई आत शिरली आणि फोटोपुढे उभी राहिली. बाबा दारात थांबले, त्यांना उशीर होत होता. आईने काचेवर त्या पट्टीपाशी बोट ठेवलं आणि वळून विचारलं, "फार घट्ट बांदलेली दिसते ओ. बाळी रुतली असंल ना?"

बाबांचा हात आपोआप कानाकडे गेला. "रुतली होती," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत कोनी इचारलं नाय."